तळटीप क्रमांक चौतीस

माझ्या आईच्या वाक्याखाली मी दुसऱ्याचं नाव लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलं. कोणी हात धरला नव्हता. वरून पेढे वाटले. मूर्खपणा मी आयुष्यात बराच केला, पण एवढा मोठा पुन्हा जमला नाही.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. अक्कल मात्र दोन वेण्या घालणाऱ्या पोरीएवढी. नागपुरातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते आणि पीएचडी करत होते. विषय, बिडी वळणाऱ्या बाया. प्रबंधाचं पूर्ण नाव दोन ओळींचं होतं. मला अजून पाठ आहे. सांगत नाही, तुम्ही झोपाल.

विभागात चर्चासत्र होतं. त्या काळी आमच्याकडे पॉवरपॉइंट नव्हतं, पारदर्शिका असायच्या. प्लॅस्टिकचा पातळ कागद. त्यावर स्केचपेननं लिहायचं, प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचा, की भिंतीवर मोठं दिसायचं. मी जांभळ्या शाईनं आईचं वाक्य लिहून नेलं होतं. ती बोलली होती तसंच:

"खराब म्हणून फेकलेली माही बिडी मले कचऱ्यात नाही दिसली. ते दुकानात दिसली."

भिंतीवर आईचं वाक्य. एकेक अक्षर वीतभर. मी नवी साडी नेसले होते, गांधीबागेतून घेतलेली, कडक खळीची. उभी राहिले की साडी आधी उभी राहायची, मग मी.

पहिल्या रांगेतून माझे मार्गदर्शक उठले. त्यांना सरच म्हणते. मोठे विद्वान, मऊ आवाज, कोणावर ओरडलेले कधी ऐकले नाहीत. आमच्या वस्तीतली मी पहिलीच त्यांच्याकडे आलेली. "तुमच्यातल्या मुली इथवर यायला लागल्या, आम्हाला कौतुक आहे," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मी लाजायचे. लाजायचे बरं का. छत्तीस वर्षांची बाई.

सर प्रोजेक्टरपाशी आले आणि काचेवर पंजा ठेवला. भिंतीवर काळा पंजा पडला. आईचं वाक्य गेलं. बोटांच्या फटीतून 'दुकानात' एवढंच दिसत राहिलं.

"हे वाक्य नाही," सर म्हणाले. "हे वस्तीतलं बोलणं आहे. लिहिण्याजोगं करून आणा."

सभागृह हसलं. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

घरी येऊन मी ती पारदर्शिका ओल्या फडक्यानं पुसली. प्लॅस्टिक महाग, पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. आईची मुलाखत ज्या कॅसेटवर घेतली होती, तिच्यावर पुढच्या बाईची मुलाखत चढवली. कागदावर उतरून झालं की आवाजाचं काम काय, असं सरांनी सांगितलं होतं. तो कागदही मग शुद्ध करून घेतला आणि कच्चा फाडून टाकला. एकेक पुरावा मी मोठ्या टापटिपीनं नष्ट केला. घर झाडावं तसं.

आता त्या वाक्याचं सांगते, कारण त्यावरच सगळं आहे.

माझी आई आयुष्यभर बिडी वळली. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस माल पाहायचा. एकेक बंडल हातात घेऊन तो बिड्या काढून बाजूला टाकायचा. ही ढिली, ही वाकडी, ही खराब. त्याला छाट म्हणत. छाट टाकलेल्या बिडीचे पैसे नाहीत, आणि ती बाईचीही नव्हे. घरी न्यायची नाही, मोडायची नाही, विचारायचं नाही. तिथंच टोपलीत ठेवून घरी जायचं. सगळ्या बायांना वाटायचं, ती कचऱ्यात जात असेल.

आई डावखुरी. त्यामुळे तिच्या बिडीवरचा दोरा उलटा फिरायचा. बाकीच्या बायांचा एकीकडे, हिचा दुसरीकडे. एक दिवस तिनं पानठेल्यावरून बाबांसाठी बंडल घेतलं, सोडलं, तर आत तीन बिड्या उलट्या दोऱ्याच्या. पंचविसांत तीन. तिनं नीट पाहिलं. स्वतःच्या होत्या. आदल्या आठवड्यात डोळ्यांसमोर खराब म्हणून टोपलीत पडलेल्या.

तिनं कोणाला विचारलं नाही, पुस्तकात पाहिलं नाही. बोटांनी शोधलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांना ते बंडल उघडून दाखवलं. पुढे बायांनी टोपलीपाशी उभं राहून आपली छाट आपल्या हातानं मोडायला सुरुवात केली. काही जणींचं काम गेलं. आईचंही गेलं, दीड वर्ष. त्या दीड वर्षात आम्ही काय खाल्लं ते लिहीत नाही, कारण सरांच्या नियमांत ते बसत नाही.

सरांचे नियम होते. दोन पानं, टंकलिखित, वर शीर्षक 'लेखनसंकेत'. त्यात होतं की 'मी' लिहू नये, 'आमची वस्ती' लिहू नये, 'अभ्यासक्षेत्र' लिहावं. बाई रडली असं लिहू नये, भावनिक प्रतिसाद दिला असं लिहावं. उपासमार लिहू नये, अन्नाची अपुरी उपलब्धता लिहावं. मी ती दोन पानं देवासारखी जपली. आमच्या घरात देव नव्हते, म्हणून जागा रिकामीच होती. एकदा स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, अन्नाची उपलब्धता कितपत आहे. ती भाकर थापत होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तर ते वाक्य मी लिहिण्याजोगं करायला बसले. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सरांकडे घेऊन गेले:

'नाकारलेले श्रम नष्ट होत नाहीत. त्यांची केवळ मालकी बदलते.'

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "आता कसं," म्हणाले. मग खिशातून छोटी डायरी काढली आणि वाक्य उतरून घेतलं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सर माझं वाक्य उतरून घेतात. त्या आनंदात मी प्रताप नगरपर्यंत पायी गेले, टायपिंगवाल्याकडे. ऑटो करायचं भानच राहिलं नाही.

आठ-नऊ महिन्यांनी प्रकरण तपासताना सरांनी त्याच वाक्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'आधार?'

मी म्हटलं, सर, हे माझ्या आईनं सांगितलेलं. तुम्हाला माहीत आहे.

"आई हा आधार नसतो," सर म्हणाले. आवाज तसाच मऊ. "छापील आधार द्या. नाहीतर वाक्य काढा."

वाक्य काढलं तर प्रकरण कोसळत होतं. मग सरांनी टेबलाचा खण उघडला, एका नियतकालिकाचा अंक काढला, पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. सरांचा लेख. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य. शब्द न शब्द तोच. पूर्णविरामही माझेच.

"हा द्या," ते म्हणाले. "छापलेला आहे."

तिथं मी काय करायला पाहिजे होतं, ते आता तुम्हालाही दिसतं, मलाही दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की वाक्य काढावं लागणार नाही. मी सरांना धन्यवाद म्हटलं. खरंच म्हटलं. घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: पहा, सरांचं नाव, लेखाचं नाव, अंक, पृष्ठ. तळटीप क्रमांक चौतीस. स्वल्पविराम जागच्या जागी. माझ्यासारखी नीट तळटीप आख्ख्या विभागात कोणाची नव्हती.

ज्या बिडीला टोपलीत टाकलं, तीच दुकानात गेली. आणि यावेळी टोपली मीच धरून उभी होते. पण तेव्हा हे सुचलं नाही. बिडीवर तीनशे पानं लिहिणाऱ्या बाईला सुचलं नाही.

प्रबंध बांधून आला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. आई विहारातल्या वर्गात वाचायला शिकली होती, बोट ठेवून वाचायची. तिनं हात धुतले, पदराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि आधी स्वतःचं नाव शोधायला लागली. ऋणनिर्देशात सुरुवातीला संस्थेचे अध्यक्ष होते, मग प्राचार्य, मग सर, मग चहा दिल्याबद्दल सरांच्या पत्नी, मग ग्रंथपाल, टायपिंगवाला. शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार'. घरच्यांची नावं घालणं बरं दिसत नाही, असं सर म्हणाले होते.

मी आईला सांगितलं, तू शेवटच्या ओळीत आहेस, त्या सगळ्यांत.

तिनं ओळ पुन्हा वाचली. "ज्ञातात आहो का अज्ञातात?"

मी हसून विषय बदलला आणि तिचं वाक्य असलेलं पान काढून दिलं. ते तिनं बराच वेळ वाचलं. वाक्य तिच्या ओळखीचं नव्हतं, पण मागचीपुढची गोष्ट ओळखीची होती. दोरा, बंडल, तीन बिड्या. मग बोट खाली सरकलं, बारीक अक्षरांवर आलं. चौतीस. तिनं सरांचं नाव अक्षर-अक्षर लावून वाचलं.

"ह्या सरानं कधी बिडी वळली काय वं?"

मी म्हटलं, माय, तुले नाही समजत. असंच लिहा लागते.

तिनं पुस्तक बंद केलं. माझ्या हातात दिलं. ते पुन्हा कधी मागितलं नाही. पुढे चार वर्षं जगली, आमचं बोलणं-चालणं सगळं होतं. पण बिडीचं ती माझ्यापाशी एक अक्षर बोलली नाही. शेजारच्या बायांपाशी बोलायची. मी आले की गप्प व्हायची. मी आता त्यांच्यातली राहिले नव्हते. लिहून घेणाऱ्यांतली झाले होते.

मला नोकरी लागली. पक्की. नावापुढे डॉक्टर लागलं. सरांचं वाक्य अभ्यासक्रमात आलं. सरांचं वाक्य म्हणते पहा, जीभ अजून वळणावर जाते. 'नाकारलेले श्रम नष्ट होत नाहीत' या विधानाची चर्चा करा, दहा गुण. मी अनेक वर्षं ते शिकवलं, पेपर तपासले. ज्यांनी सरांचं नाव लिहिलं नाही त्यांचा अर्धा गुण कापला. माझ्या मायच्या वाक्याखाली दुसऱ्याचं नाव नसलं, म्हणून मी पोरांचे गुण कापले. कोणी मला पगार देऊन हे करवून घेत होतं, आणि मी पेन्शनपर्यंत केलं.

सर गेले. शोकसभेत ते वाक्य फलकावर लिहिलं होतं. मी पुढे बसून भावनिक प्रतिसाद दिला.

आता या वर्षाचं सांगते. आम्ही मनीषनगरात राहतो, मुलाकडे. नात एमएला आहे, लघुप्रबंध लिहून राहिली. विभागात तिला सादरीकरण करायचं होतं. दिवाणखान्यात माझ्यासमोर सराव करत होती. लॅपटॉपवर एकेक स्लाइड. एका स्लाइडवर सहाच ओळी, असा त्यांचा नियम आहे. आमच्या वेळी आठ चालत. पाचवी स्लाइड आली. निळ्या पट्टीवर ते वाक्य, खाली सरांचं नाव आणि साल.

नात म्हणाली, "सरांचं हे प्रसिद्ध विधान..."

मला आधी हसू आलं. मग थांबेना. ती घाबरली, पाणी आणलं. मी तिला सांगितलं. पंजा, डायरी, खण, तळटीप, सगळं. तिला पणजी बिडी वळायची एवढंच माहीत होतं. तिचं तोंड उतरलं. रागावली. आजी, आपण हे बदलू, म्हणाली. तिनं तिथंच सरांचं नाव खोडलं आणि पणजीचं लिहिलं. तो दिवस मला चांगला गेला. एक दिवस.

त्यांच्याकडे चोरी पकडणारं सॉफ्टवेअर आहे. लिहिलेलं त्यात टाकायचं, चोरीचं असेल ते लाल होतं. पणजीचं नाव घातलेलं वाक्य लाल झालं. सरांच्या लेखातून उचललं, असं त्यानं दाखवलं. मग मी म्हटलं, माझं शुद्ध केलेलं राहू दे, आईचं मूळ बोलणं टाक. कचऱ्यात नाही दिसली, दुकानात दिसली. तिनं टाकलं. एकही अक्षर लाल झालं नाही. शून्य टक्के. म्हणजे हे जगात कोणी कधी बोललंच नाही.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, मूळ बोलण्याला आधार काय. ध्वनिमुद्रण? पुसलं. मुलाखतीचा कागद? फाडला. मुलाखत दिलेली बाई हयात आहे? नाही. मग बाईंनी ग्रंथालयातून माझाच प्रबंध मागवला आणि नातीला पान उघडून दाखवलं. चौतीस.

नातीनं घरी येऊन स्लाइडवर पुन्हा सरांचं नाव टाकलं. माझ्याकडे न पाहता टाकलं.

सादरीकरणाला मी गेले. तिनं नको म्हटलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. एसी सभागृह, मऊ खुर्च्या. अध्यक्ष म्हणून सरांचे एक जुने विद्यार्थी बसले होते, आता मोठ्या पदावर. तसाच मऊ आवाज, शिकवणीत मिळाला असावा. पाचवी स्लाइड आली. नातीनं वाक्य वाचलं, घाईनं वाचलं. मी उठले. गुडघ्यांनी वेळ घेतला, पण उठले.

मी म्हटलं, हे वाक्य त्या सरांचं नाही. माझ्या आईचं आहे. तिचं नाव पारबता. ती बिडी वळायची.

सभागृहात कोणी हसलं नाही. आता हसत नाहीत. आता चेहऱ्यावर समजूत ठेवतात. अध्यक्ष म्हणाले, भावना पोचल्या, पण काही छापील आधार आहे का. मी म्हटलं, नाही, आणि जो आहे तो खोटा आहे. माझ्या प्रबंधातली चौतिसावी तळटीप खोटी आहे. मीच लिहिली, मीच सांगून राहिली.

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आपण प्रबंधात खोटी नोंद केली, हे आपण इथे मान्य करता?"

मला कळत होतं हा रस्ता कुठे जातो. डॉक्टर जातं, एवढी वर्षं शिकवलेली बाई म्हणून असलेली किंमत जाते, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळत असताना मी उत्तर दिलं.

"हो."

"मग आजी," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "आपल्या आत्ताच्या बोलण्यावर तरी आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

यावर मात्र लोक हसले. चांगला मुद्दा होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही हाच मांडला असता, मीच तर असे मुद्दे शिकवले. मी उभीच राहिले. कोणीतरी माईक दुसरीकडे नेला. अध्यक्षांनी नातीला हातानं पुढे म्हणून खूण केली. तिनं बटण दाबलं. सहावी स्लाइड.

मी बसले नाही. तिचं संपेपर्यंत उभी होते. मागच्या कोणाला दिसत नव्हतं, त्यांनी दोनदा सांगितलं, तरी. सरांच्या पंजापुढे हसलेली ती छत्तीस वर्षांची बाई मला तिथं खुर्चीत बसलेली दिसत होती, खळीची साडी सावरत. तिच्याशी मी एक शब्द बोलले नाही. तिची दया येण्याचं वय गेलं.

कार्यवृत्त आलं ते वाचलं. त्यात लिहिलं आहे, 'श्रोत्यांमधून एक भावनिक प्रतिक्रिया नोंदवण्यात आली.' कोणाची, ते नाही. नियमाप्रमाणे बरोबर आहे.

त्या दिवशी बाहेर स्कूटीपाशी नात किल्ली शोधत होती. तिचे डोळे लाल होते. मार्गदर्शक बाई तिला बाजूला घेऊन काही बोलल्या होत्या. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. पुढच्या महिन्यात तुझी तोंडी परीक्षा आहे, खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. ते वाक्य आलं की उठणार आणि मायचं नाव घेणार. तुझ्यानंतर दुसऱ्या कोणाचं असेल तिथेही. या शहरात जिथे जिथे ते वाक्य वाचलं जाईल तिथे, पाय चालतात तोवर. कोणी मानणार नाही हे मला माहीत आहे. कुठे नोंद होणार नाही. मी मेले की हे सांगणारं कोणी राहणार नाही, तेही माहीत आहे. तुझं नुकसान झालं तरी मी उठणार. गप्प बसायला सांगू नको, ते मी करून पाहिलं.

तिनं ऐकून घेतलं. हेल्मेट घातलं, पट्टा लावला, काच वर केली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ये मंग," ती म्हणाली. "पण मी सरांचंच नाव लिहीन, आजी. मले पास व्हायचं आहे."